मेंदूतलं लोह आणि बर्लिनचा निळा

बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास योहान याकोब डीसबाख हा रंग बनवणारा कारागीर किरमिजी रंगाचा घाणा काढायला बसला होता. कृती हातातली, रोजची. कोचिनीलचे वाळवलेले किडे पाण्यात उकळायचे, त्या लाल पाण्यात तुरटी आणि थोडं हिराकस घालायचं, वरून खार सोडायचा, की तळाशी लाल साका बसतो. तो गाळायचा, वाळवायचा, कुटायचा आणि विकायचा. त्या दिवशी घरातला खार संपला होता, म्हणून त्याने तो योहान कोनराड डिपेलकडून मागून आणला. डिपेल हा धर्मशास्त्र शिकलेला आणि किमयेच्या नादाला लागलेला माणूस. जनावरांच्या रक्तापासून तो एक उग्र वासाचं तेल काढायचा आणि औषध म्हणून विकायचा. डीसबाखला मिळालेला खार त्याच तेलाच्या कामात वापरून झालेला होता. तो लाल पाण्यात पडला तेव्हा साका फारच फिकट उतरला. रंग चढतो का पाहावं म्हणून डीसबाखने तो आटवला. आधी जांभळा झाला, मग गर्द निळा.

ही हकिकत गेओर्ग एर्न्स्ट स्टाल या रसायनज्ञाने १७३१ मध्ये लिहून ठेवली. पाव शतकानंतर लिहिलेल्या गोष्टीत थोडं मीठमसाला असणारच, पण त्यातलं रसायन चोख आहे. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. आपल्याकडेही शाई करणाऱ्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या घरी तो असायचा. रक्तातला कार्बन आणि नायट्रोजन खाराबरोबर तापले, त्यातून सायनाइड झालं, आणि त्याने हिराकसातल्या लोहाला चहूबाजूंनी धरलं. तो धरलेला लोहाचा अणू आणि शेजारचा मोकळा लोहाचा अणू यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनची जी ये-जा होते, तिच्यामुळे तो निळा दिसतो.

तोवर युरोपातल्या चित्रकारांचा उत्तम निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्दापासून यायचा आणि त्याची किंमत ऐकूनच हात आखडायचा. नवा निळा त्या मानाने कितीतरी स्वस्त होता. पीटर फान डर वेर्फच्या १७०९च्या एका चित्रात, ख्रिस्ताच्या दफनाच्या, तो आधीच वापरलेला सापडतो. १७१० मध्ये बर्लिनच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात त्याची निनावी जाहिरातवजा माहिती आली. कृती मात्र दिली नव्हती. ती १७२४ मध्ये लंडनमध्ये जॉन वुडवर्डने छापून टाकली आणि मग गावोगावी निळ्याच्या भट्ट्या लागल्या. शंभरेक वर्षांनी जपानमध्ये होकुसाईची प्रसिद्ध लाट छापली गेली, तीही याच निळ्यात.

या भट्ट्यांचा धंदा घाणेरडा होता. कत्तलखान्यातलं रक्त, शिंगं, खूर, कातड्याचे तुकडे खारासोबत लोखंडी भांड्यात भाजायचे, राख पाण्यात कालवायची आणि ते पाणी आटवून पिवळे स्फटिक काढायचे. हेच पोटॅशियम फेरोसायनाइड. जर्मन भाषेत त्याला आजही जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ 'रक्ताच्या खारपाण्याचं मीठ' असा होतो. या पिवळ्या मिठाचा एक गुण रसायनज्ञांच्या लवकरच लक्षात आला. ते कुठल्याही द्रावणात टाकलं आणि निळं उमटलं, तर तिथे लोह आहे. झऱ्याच्या पाण्यात लोह आहे का, हे तपासायला अठराव्या शतकातच हा उपाय वापरात आला.

रक्तात लोह असतं हेसुद्धा त्याच शतकात पक्कं झालं. बोलोन्यामध्ये विन्चेन्झो मेंगीनी याने १७४०च्या दशकात वेगवेगळ्या प्राण्यांचं रक्त जाळून राख केली आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं. राखेचे कण चुंबकाला चिकटले. रक्ताच्या लाल भागात ते जास्त होते. म्हणजे शरीरात लोह आहे हे कळलं. पण ते नेमकं कुठे, कोणत्या अवयवाच्या कोणत्या पेशीत, हे राखेवरून कसं सांगणार? जाळल्यावर जागेचा पत्ताच पुसला जातो.

तो पत्ता शोधायचं साधन रंगाऱ्याच्या भट्टीतून आलं. १८६७ मध्ये माक्स पर्ल्स या चोविशीतल्या जर्मन डॉक्टरने रुडॉल्फ फिर्खोच्या नियतकालिकात एक निबंध छापला. शवविच्छेदनात फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत तपकिरी कण दिसायचे. जुन्या रक्तस्रावाच्या जागी तर हमखास. हे कण लोहाचे आहेत का, हा प्रश्न होता. पर्ल्सने त्या ऊतींवर पिवळ्या मिठाचं पाणी सोडलं आणि त्यामागोमाग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. तपकिरी कण निळे झाले.

आजही पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हे काम जवळजवळ तसंच चालतं. मेणात बसवलेल्या ऊतीचा केसाहून बारीक काप काचपट्टीवर घ्यायचा, मेण विरघळवून काढायचं. दोन बाटल्या: एकीत फेरोसायनाइड, दुसरीत आम्ल. दोन्ही आयत्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळायच्या, कारण मिसळलेलं द्रावण टिकत नाही. भांडी आणि चिमटे लोखंडाचे चालत नाहीत. नळाच्या पाण्यातलं लोहसुद्धा खोटा निळा देऊ शकतं. वीसेक मिनिटांनी काच धुवायची आणि बाकीच्या पेशी दिसाव्यात म्हणून फिका लाल रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकात मग गुलाबी पार्श्वभूमीवर निळे ठिपके दिसतात. गंमत अशी की लाल रक्तपेशी, ज्यांच्यात शरीरातलं सर्वांत जास्त लोह असतं, त्या मात्र निळ्या होत नाहीत. हिमोग्लोबिनमधलं लोह इतकं घट्ट बांधलेलं असतं की आम्लाला ते सुटत नाही. निळं होतं ते साठवलेलं लोह. पर्ल्स पुढे गीसेनला प्राध्यापक झाला आणि १८८१ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच वारला. त्याचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत रोज घेतलं जातं. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

मेंदूकडे हा निळा वळायला वेळ लागला. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तिथे लोह सापडणार, यात नवल नव्हतं. पण धडधाकट माणसाच्या, कधीही रक्तस्राव न झालेल्या मेंदूत लोह असेल, आणि तेही ठरावीक जागी, हे कुणाच्या मनात नव्हतं. इटलीत ग्विझेटीने १९१५ मध्ये माणसाच्या आणि काही पाळीव जनावरांच्या ताज्या मेंदूंवर लोहाची परीक्षा सरळसरळ करून पाहिली आणि मेंदूच्या खोलवरच्या काही गाठी रंग धरतात हे नोंदवलं. मग म्युनिकमध्ये हुगो श्पात्झने तेच काम पद्धतशीर हातात घेतलं. त्याचा निबंध १९२२चा. मेंदूचे काप तो अमोनियम सल्फाइडमध्ये बुडवायचा. या द्रावणाला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि लोहाशी गाठ पडली की ते काळपट हिरवं होतं. कापाचा बहुतेक भाग जसाच्या तसा राहायचा. दोन जागा मात्र ठळक उठून यायच्या. एक ग्लोबस पॅलिडस, म्हणजे मेंदूच्या तळाकडचा फिकट गोळा. दुसरी सबस्टान्शिया नायग्रा, म्हणजे मध्यमेंदूतला काळा पट्टा. त्यांच्या खालोखाल आणखी काही गाठी. सगळ्यांचा संबंध शरीराच्या हालचालींशी. नवजात बाळाच्या मेंदूत ही खूण उमटत नव्हती. वयाबरोबर ती येत आणि गडद होत जात होती.

श्पात्झचं हे निरीक्षण पक्कं होतं आणि आजही टिकून आहे. त्याचा अर्थ त्याने सरळ लावला, की लोह इथे आहे ते या जागांना लागतं म्हणून. निरोगी मेंदूचाच तो भाग आहे. ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा विसरली गेली.

१९२२ मध्येच श्पात्झने यूलिउस हालरफोर्डेन या सहकाऱ्याबरोबर दुसरा एक निबंध लिहिला. एका कुटुंबात बारा भावंडं होती आणि त्यांतल्या पाच बहिणींना सारखाच आजार. लहानपणी पाय आखडायला लागायचे, मग हातपाय वेडेवाकडे वळायचे, बोलणं अडखळायचं, बुद्धी मंदावत जायची आणि तरुणपणीच मृत्यू यायचा. विच्छेदनात त्याच दोन जागा, ग्लोबस पॅलिडस आणि सबस्टान्शिया नायग्रा, गंजल्यासारख्या तांबूस तपकिरी सापडल्या. लोह नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होतं. या आजाराला दोघांची नावं जोडली गेली आणि ऐंशी वर्षं तो त्याच नावाने पाठ्यपुस्तकांत राहिला.

ती नावं आज काढून टाकली आहेत. याचं कारण सांगितल्याशिवाय हा इतिहास लिहिता येत नाही. १९३७ मध्ये श्पात्झ बर्लिनच्या बुख उपनगरातल्या कैसर विल्हेल्म मेंदूसंशोधन संस्थेचा संचालक झाला आणि पाठोपाठ हालरफोर्डेन तिथल्या एका विभागाचा प्रमुख. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत नाझी राजवटीने मनोरुग्णालयांतून आणि मतिमंद मुलांच्या आश्रमांतून माणसं गोळा करून सहा केंद्रांतल्या वायुकोठड्यांत मारली. ही संख्या सत्तर हजारांवर जाते. मारलेल्यांपैकी काहींचे मेंदू बुखला पाठवले जात होते. हालरफोर्डेन ते मागून घेत होता. ब्रांडेनबुर्गच्या केंद्राशी त्याचा थेट संबंध होता, आणि हे मेंदू कुठून येतात हे त्याला पूर्ण माहीत होतं. युद्ध संपल्यावर लिओ अलेक्झांडर या अमेरिकन डॉक्टरशी बोलताना त्याने हे लपवलंही नाही. अशा मेंदूंचा त्याने स्वतः दिलेला आकडा जवळजवळ सातशे होता. दोघांवर कधी खटला भरला गेला नाही. दोघं सन्मानाने काम करत राहिले, हालरफोर्डेन १९६५ मध्ये गेला आणि श्पात्झ १९६९ मध्ये. ते काप, त्या काचपट्ट्या संस्थेच्या कपाटांत तशाच होत्या. १९९० मध्ये म्युनिकच्या वाल्डफ्रीडहोफ दफनभूमीत त्यांचं दफन झालं.

आजाराचं मूळ २००१ मध्ये कळलं. अमेरिकेत ओरेगॉनच्या सुझन हेफ्लिक यांच्या गटाला त्याचा जनुक सापडला. तो पॅन्क-टू या विकराचा, जीवनसत्त्व बी-५ पासून कोएन्झाइम-ए बनवण्याच्या पहिल्या पायरीचा. म्हणजे लोहाशी त्याचा थेट संबंधच नाही! पेशीच्या दुसऱ्याच कामात बिघाड होतो आणि लोह मागाहून साचतं. हेफ्लिक यांनी जुनं नाव टाकून द्यायचा आग्रह धरला, रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनेनेही आपलं नाव बदललं, आणि आता हा आजार त्या विकराच्या नावाने ओळखला जातो. त्या पाच बहिणींची नावं मात्र या इतिहासात कुठेच येत नाहीत.

निळा किंवा हिरवा रंग 'आहे की नाही' एवढंच सांगतो. 'किती' हे सांगत नाही. ते काम स्वीडनमध्ये झालं. बेर्टिल हालग्रेन आणि पॅट्रिक सोरांदर या दोघांनी १९५८ मध्ये वेगवेगळ्या वयांत मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूंतलं लोह जागोजागी मोजून प्रसिद्ध केलं. हिमोग्लोबिनमधलं लोह त्यांनी वगळलं होतं. प्रौढ माणसाच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये दर १०० ग्रॅम ताज्या ऊतीमागे सरासरी २१ मिलिग्रॅम लोह निघालं, सबस्टान्शिया नायग्रामध्ये १८ मिलिग्रॅमच्या वर. यकृत, ज्याला शरीराचं लोहाचं कोठार म्हणतात, त्यात १३ मिलिग्रॅम. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या सालीत तीनच्या आत. म्हणजे मेंदूच्या पोटात दडलेल्या या गाठी यकृतालाही मागे टाकतात.

वयाचा हिशेब तर त्याहून बोलका होता. जन्मतः लोह जवळजवळ नाही. मग ते झपाट्याने वाढतं, ग्लोबस पॅलिडसमध्ये विशी-तिशीपर्यंत, आणि तिथे स्थिरावतं. पुटामेन आणि कॉडेट या शेजारच्या गाठींत ते संथपणे चढत राहतं, पन्नाशी-साठीपर्यंत. थॅलॅमसमध्ये पस्तिशीनंतर उलट उतरतं. म्हातारपणी मेंदूत सगळीकडे सरसकट लोह साचतं, असं सोपं चित्र या आकड्यांतून निघत नाही. प्रत्येक जागेचं आपलं वेगळं वेळापत्रक आहे. आजही मेंदूच्या एमआरआयमधून काढलेला लोहाचा अंदाज बरोबर आहे का, हे ताडून पाहायला संशोधक या १९५८च्या कोष्टकाकडे जातात. दहा-अकरा पानांच्या निबंधाला एवढं आयुष्य क्वचित लाभतं.

लोह मोजून झालं होतं. ते काय करू शकतं, याची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालत येत होती. तिची सुरुवात केंब्रिजमधल्या एका विद्यार्थ्याच्या टेबलावर झाली. १८७६ मध्ये हेन्री फेंटनने टार्टारिक आम्लात, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणाऱ्या आम्लात, थोडा लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून वर अल्कली टाकली, तर सुरेख जांभळा रंग आला. टार्टारिक आम्ल ओळखायची एक नवी खूण, असंच त्याने ते तेव्हा मांडलं. पुढे १८९४ मध्ये त्याने या क्रियेचा सविस्तर अभ्यास छापला. लोह अगदी चिमूटभर पुरतं आणि त्याच्याशिवाय पेरॉक्साइड काहीच करत नाही, हे त्याला दिसलं. नक्की काय घडतं, याचं उत्तर फ्रिट्झ हाबर आणि योझेफ वाइस यांच्या १९३४च्या निबंधात आलं. दोघांनाही ज्यू म्हणून जर्मनी सोडावी लागली होती, आणि निबंध बाहेर येईतो हाबर वारला होता. लोहाचा अणू पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो, पेरॉक्साइड फुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतं. हे रॅडिकल सेकंदाच्या अब्जांश भागापुरतंच जगतं, पण तेवढ्यात जे समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतं. समोर चिंचेचं आम्ल असेल तर ते. पेशीचं आवरण, प्रथिन किंवा डीएनए असेल तर ते.

फेंटन, हाबर, वाइस यांच्यापैकी कुणालाही मेंदूशी कर्तव्य नव्हतं. जिवंत शरीरात असलं काही घडत असेल, ही कल्पनाच लोकांना पटायची नाही. रेबेका गेर्शमान या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञेने १९५४ मध्ये अमेरिकेत काम करताना दाखवलं की जास्त ऑक्सिजनची बाधा आणि क्ष-किरणांची बाधा यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही रॅडिकल्स. दोन वर्षांनी डेनम हारमनने पुढचं पाऊल टाकलं. हा आधी शेल तेल कंपनीत रसायनज्ञ होता, मग डॉक्टर झाला. तेलात आणि रबरात रॅडिकल्स काय उत्पात करतात हे त्याने पाहिलं होतं. म्हातारपण म्हणजे श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपासून आपल्याच पेशींत तयार होणाऱ्या रॅडिकल्सनी आयुष्यभर केलेली झीज, असं त्याने १९५६ मध्ये मांडलं. पहिली बारा-तेरा वर्षं फारसं कुणी ऐकलं नाही. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना एक विकर सापडला, ज्याचं कामच सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल निकामी करणं हे होतं. शरीराने बंदोबस्त ठेवलाय म्हणजे चोर असणारच, हे मग मान्य करावंच लागलं.

मराठीत डोकं चालेनासं झालं की माणूस म्हणतो, डोक्याला गंज चढलाय. न वापरल्याने गंज चढतो असा त्यातला भाव. मेंदूतलं रसायन याच्या उलटं सांगतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण विश्रांतीतही ऑक्सिजन खातो २० टक्के. जिथे ऑक्सिजन जळतो तिथे पेरॉक्साइड होतं. मेंदूतल्या पेशींची आवरणं सहज खवट होणाऱ्या चरबीची. तीळतेल जुनं झालं की जो खवट वास येतो, ती हीच क्रिया. आणि भरीला लोह. ते तर लागतंच. पेशीच्या ऊर्जेच्या भट्टीला लागतं, मज्जातंतूंवरचं आवरण विणायला लागतं, आणि डोपामीन तयार करणाऱ्या टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या गाभ्यात तर लोहाचा अणूच बसलेला असतो. लोह मोकळं फिरू नये म्हणून पेशी ते फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात कोंडतात. अशा एका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. सबस्टान्शिया नायग्राच्या पेशींत न्यूरोमेलॅनिन हा काळा रंगही लोह धरून ठेवतो. त्या पट्ट्याचं नाव पडलं ते या काळेपणावरून.

पार्किन्सनच्या आजारात मरतात त्या नेमक्या याच पेशी. कॉन्स्टांटिन ट्रेतियाकॉफने १९१९ मध्ये पॅरिसमधल्या प्रबंधात काळा पट्टा फिका पडल्याचं दाखवलं होतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी लंडन आणि व्हिएन्नामधल्या गटांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या सबस्टान्शिया नायग्रामध्ये लोह वाढलेलं मोजून दाखवलं. अल्झायमरच्या मेंदूत लोह असल्याचं तर १९५३ मध्येच नोंदलं गेलं होतं. १९८६ मध्ये बर्टन ड्रेयर यांच्या गटाने दाखवलं की एमआरआयमध्ये या लोहाच्या गाठी काळ्या दिसतात. आता मेंदू मरणोत्तर कापायची गरज राहिली नाही. जिवंत माणसाच्या डोक्यातलं लोह पडद्यावर दिसू लागलं. हालरफोर्डेनचं नाव पुसलेल्या त्या बालआजारात तर ग्लोबस पॅलिडसचं चित्र इतकं ठरलेलं येतं की रेडिओलॉजिस्ट त्याला वाघाचा डोळा म्हणतात. काळ्या कड्यात मधोमध उजळ ठिपका.

सगळे धागे असे जुळून आले की निष्कर्ष समोर उभाच होता. लोह आहे, ते वाढतं, ते जाळतं, पेशी तिथेच मरतात. मग लोह काढून घ्यावं. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लोहावर अवलंबून असलेला पेशीमृत्यूचा एक स्वतंत्र प्रकार सापडला, त्याला फेरोप्टोसिस नाव मिळालं, आणि या विचाराला आणखी बळ आलं.

लोह काढायचं औषध तयारच होतं, आणि त्याच्या इतिहासात मुंबईला मानाची जागा आहे. थॅलॅसेमियाच्या मुलांना जन्मभर रक्त चढवावं लागतं. प्रत्येक बाटलीबरोबर लोह येतं, आणि शरीराला ते बाहेर टाकायचा मार्ग नाही. ते यकृतात, हृदयात साचतं आणि मूल तरुणपणीच दगावतं. त्यावर डेस्फेरिऑक्सामिन हे औषध १९६०च्या दशकापासून होतं, पण ते पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून, पंपाने, रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातले पाच-सहा दिवस द्यावं लागे. पंपाचा आणि औषधाचा खर्च बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हायडर आणि जॉर्ज कोंटोगिओर्गिस यांनी तोंडाने घेता येईल असं डेफेरिप्रोन तयार केलं. मुंबईच्या डॉक्टरांनी थॅलॅसेमियाच्या मुलांवर ते दीर्घकाळ वापरून पाहिलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. जगात सर्वांत आधी त्याला परवानगी मिळाली ती भारतात, १९९०च्या दशकाच्या मध्यात, आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणलं. युरोपने ते १९९९ मध्ये घेतलं आणि अमेरिकेने थेट २०११ मध्ये. ही गोळी घेतली की लघवी तांबूस होते. औषधाने पकडलेलं लोह बाहेर पडताना आपला रंग दाखवतं. आई घाबरू नये म्हणून डॉक्टरांना तिला आधीच सांगून ठेवावं लागतं की हे रक्त नाही.

डेफेरिप्रोनचा रेणू लहान असल्याने तो मेंदूतही शिरतो. फ्रान्समधल्या लील शहरातल्या दाविद देवोस यांच्या गटाने ४० पार्किन्सन रुग्णांवर आधी प्रयोग केला आणि २०१४ मध्ये आशादायक निष्कर्ष छापले. मग युरोपभरात मोठी चाचणी झाली. ३७२ रुग्ण, नुकतंच निदान झालेले, डोपामीन वाढवणारं कुठलंही औषध अजून न घेतलेले. अर्ध्यांना डेफेरिप्रोन, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, ३६ आठवडे. निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये आले. एमआरआयवर लोह खरोखरच कमी झालं होतं. आणि रुग्ण जास्त बिघडले होते. आजाराच्या मोजपट्टीवर रिकाम्या गोळीच्या गटाची घसरण सरासरी ६.३ गुणांची, औषधाच्या गटाची १५.६ गुणांची. आजार वाढल्यामुळे मध्येच दुसरं औषध सुरू करावं लागलेले रुग्ण एकीकडे २.७ टक्के, दुसरीकडे २२ टक्के. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे अल्झायमरच्या ८१ रुग्णांपैकी काहींना हेच औषध वर्षभर दिलं होतं. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा वेगाने ढासळली.

पार्किन्सनच्या चाचणीबद्दल संशोधकांनी पुढे केलेला सर्वांत सरळ खुलासा टायरोसीन हायड्रॉक्सिलेजचा आहे. उरल्यासुरल्या पेशी जेमतेम डोपामीन करत होत्या. त्यासाठी लागणारं लोहच काढून घेतलं गेलं, आणि बाहेरून डोपामीनची भरपाई करणारं औषध या रुग्णांना सुरू झालेलं नव्हतं. लोहाने नुकसान होतं हे खोटं ठरलेलं नाही. पण साचलेलं लोह आणि कामावरचं लोह यांत एमआरआयला फरक करता येत नाही, आणि गोळीलाही नाही. त्या चाचणीत सामील झालेल्या रुग्णांनी हे स्वतःच्या शरीराची किंमत देऊन दाखवून दिलं. निष्कर्ष न लपवता, आकड्यांसकट जगासमोर मांडले गेले, ही त्यातली आदराची गोष्ट.

श्पात्झच्या कापांवरही, कोणतं लोह साचलेलं आणि कोणतं कामावरचं, हाच प्रश्न होता. पर्ल्सच्या निळ्याला तर कामावरचं लोह दिसतच नाही. जे बांधलेलं आहे ते आम्लाला सुटत नाही, म्हणून रक्तपेशी गुलाबीच राहते. विकराच्या गाभ्यातला एकटा अणूही त्याच्या नजरेत येत नाही. निळं होतं ते कोठारातलं लोह. दीडशे वर्षं वैद्यकाने कोठारांकडे पाहिलं, कारण तीच रंगत होती.

आज मेंदूच्या पेढ्यांमध्ये, जिथे माणसं मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देतात, संमतीच्या कागदावर सही करून, तिथे सबस्टान्शिया नायग्राचे काप रोज काढले जातात. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाच्या कापावर न्यूरोमेलॅनिनचे काळसर तपकिरी पुंजके साध्या डोळ्यांनीही दिसतात. तंत्रज्ञ पिवळं मीठ आणि आम्ल आयत्या वेळी मिसळते, काच त्यात उभी करते आणि घड्याळ लावते. वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पुंजक्यांच्या आसपास, त्यांना खेटून बसलेल्या लहानशा पेशींमध्ये, निळे ठिपके उमटलेले असतात. ती ते मोजते आणि वहीत वयापुढे आकडा लिहिते.